हॉलची चावी कोणाकडे? पगारातले पंचवीस रुपये आणि चाळीतलं कल्याण केंद्र

एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना माझी गाडी इकडेतिकडे जाते, तेवढं कापलंय. बाकी बोललो तसंच आहे.

सुरुवातीला एक काम करा. महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर फोनमध्ये जूनची सॅलरी स्लिप उघडा. पीएफ, प्रोफेशनल टॅक्स, टीडीएस, आणि त्यांच्या खाली एक बारीकशी ओळ सापडेल : एलडब्ल्यूएफ, २५ रुपये. जूनमध्ये नसेल तर डिसेंबरमध्ये बघा. वर्षातून दोनदाच कापतात. २०२४ च्या आधी हे १२ रुपये होते. मी पहिल्या नोकरीत एचआरला विचारलं होतं, हे काय आहे? उत्तर आलं, "स्टॅट्युटरी आहे." म्हणजे कायद्यानं कापावे लागतात, पुढे विचारू नका. मीही विचारलं नाही. बारा रुपयांसाठी कोण वाद घालणार?

मागच्या वर्षी घरी जेवताना ही गोष्ट निघाली. आजी ऐंशीच्या पुढची आहे, कान थोडे कमी झालेत, पण नेमकं ऐकायचं ते बरोबर ऐकते. म्हणाली, "अरे, ते आमच्या केंद्राचे पैसे. मी शिवण तिथंच शिकले."

केंद्र म्हणजे कामगार कल्याण केंद्र. एलडब्ल्यूएफ म्हणजे लेबर वेल्फेअर फंड, कामगार कल्याण निधी. मी बीटेक झालो, लॅपटॉपवर बसून कोड लिहितो, आणि माझ्या पगारातून कापले जाणारे पैसे त्या खात्यात जातात ज्यातून साठ वर्षांपूर्वी माझ्या आजीच्या शिवणक्लासचा खर्च निघाला होता. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेला नाही.

आजचा विषय आहे सरकारी वसाहतींमधले हॉल. कोणी त्याला वेल्फेअर सेंटर म्हणतं, कोणी समाज मंदिर, कोणी नुसतं "हॉल". बारसं, साखरपुडा, तेरावं, कॅरम, अभ्यासिका, निवडणुकीचं बूथ, सगळं जिथं होतं ती जागा. ही जागा बांधली कोणी, हे पाटीवर लिहिलेलं असतं. ती चालवली कोणी, हे कुठंच लिहिलेलं नसतं. आपण आज ते बघू.

आधी खोल्या आल्या

१९२० साल. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज लॉइड. गिरण्या जोरात, माणसं कोकणातून-घाटावरून येतायत आणि राहायला जागा नाही. सरकारनं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचं खातं काढलं. तेच आपलं बीडीडी. बेत होता पन्नास हजार खोल्यांचा. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला.

प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळ अधिक तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. हिशोब केलात तर साडेसोळा हजार खोल्या होतात. म्हणजे बेताच्या एक तृतीयांश.

गंमत म्हणजे इतकी टंचाई असूनही सुरुवातीला लोक तिथं जायला तयार नव्हते. वरळी तेव्हा गिरण्यांपासून लांब वाटायची, भाडं परवडत नव्हतं, आणि काँक्रीटच्या त्या पेट्यांना घर म्हणायला मन होत नव्हतं. कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. १९३० च्या सविनय कायदेभंगात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला. विचार करा, राहायला बांधलेल्या इमारती, आणि त्यांचा तुरुंग करायला फारसं काही बदलावं लागलं नाही.

या चाळींच्या मांडणीत माणूस झोपेल कुठं एवढाच विचार होता. दहा बाय सोळाच्या खोलीत आठ-दहा जण. पाळीपाळीनं झोपणारे. मग जागा असलेल्यांनी बसायचं कुठं? पोरांनी वाचायचं कुठं? बाईनं घटकाभर दुसऱ्या बाईशी बोलायचं कुठं? त्याचं उत्तर जिना, गॅलरी आणि नळ. हॉलची गरज इथून सुरू होते. वसाहतीतला हॉल ही चैन नाही, ती घरात नसलेली खोली आहे.

हॉल कोणासाठी उघडायचा?

डिलाईल रोडचं आजचं नाव ना. म. जोशी मार्ग. रोज त्या ब्रिजवरून जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं की हे जोशी म्हणजे नारायण मल्हार जोशी, ज्यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली? कामगारवस्तीत वाचनालयं, रात्रशाळा, औषधोपचार अशी कामं या संस्थेनं केली. परळचं दामोदर हॉल याच संस्थेचं, १९२२ चं. गिरणगावातल्या माणसाला नाटक बघायला, सभेला, शिकायला हक्काची जागा.

९ मार्च १९२४ ला याच दामोदर हॉलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक सभा बोलावली. अस्पृश्यांच्या प्रश्नांसाठी मध्यवर्ती संस्था असावी, हा विषय. त्याच वर्षी २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिचं कार्यालयही दामोदर हॉलमध्ये होतं.

दामोदर हॉल सरकारी वसाहतीतला नाही, हे मला माहीत आहे. तरी सांगतोय, कारण हॉल चालवणं म्हणजे नेमकं काय ते इथं दिसतं. आपल्याला वाटतं हॉल चालवणं म्हणजे झाडू, पंखे, खुर्च्या. ते आहेच. पण त्याच्या आधी एक निर्णय असतो : दार कोणासाठी उघडायचं. ज्या काळात अनेक दारं बंद होती, त्या काळात एक दार उघडलं गेलं. चावी असलेल्या माणसानं "नाही, त्या दिवशी दुसरं बुकिंग आहे" म्हटलं असतं तर? हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलेलं आहे. त्याच्याकडे मी पुढे येतो.

दंडाच्या पैशातून कल्याण

१९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. कामगार खात्याचं काम बघायला संसदीय सचिव होते गुलझारीलाल नंदा, पुढे दोनदा हंगामी पंतप्रधान झाले तेच. १९३९ मध्ये या सरकारनं स्वतः कामगार कल्याण केंद्रं सुरू केली. त्याआधी हे काम धर्मादाय संस्थांचं किंवा गिरणीमालकांच्या मर्जीचं. आता सरकार म्हणालं, आम्ही चालवू. केंद्रांचे छोटे-मोठे वर्ग ठरले. मोठ्या केंद्रात वाचनालय, व्यायामशाळा, खेळाचं मैदान, बालवाडी, शिवणवर्ग. छोट्यात एखादी खोली, कॅरम आणि वर्तमानपत्रं.

आता पैशाची गोष्ट. हा भाग मला सगळ्यात जास्त भिडला.

गिरणीत कामगाराला दंड व्हायचा. उशीर झाला, दंड. कापडाला डाग लागला, दंड. हा दंड मालक खिशात घालायचे. १९३६ च्या वेतन कायद्यानं त्यावर दोन बंधनं घातली. एक, दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त नको. दोन, जमा झालेला दंड कामगारांच्याच हितासाठी खर्च करायचा.

मग १९५३ मध्ये मुंबई कामगार कल्याण निधी कायदा आला आणि केंद्रं चालवायला स्वतंत्र मंडळ झालं. आजचं महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ ते हेच. या निधीत काय काय जमा करायचं? कामगारांकडून कापलेला दंड. आणि कामगारांनी न नेलेला पगार. म्हणजे कोणी गावी गेला तो परतलाच नाही, कोणी मेला, कोणाला काढून टाकलं, त्यांचे पैसे मालकाच्या वहीत पडून राहायचे. कायदा म्हणाला, ते पैसे मालकाचे नाहीत, निधीत द्या.

बॉम्बे डाईंग कोर्टात गेली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं आणि १९५७ मध्ये निकाल लागला. दंडाची रक्कम निधीत घ्यायला हरकत नाही, पण न नेलेला पगार असा मोबदल्याशिवाय घेता येणार नाही, तो घटनेतल्या मालमत्तेच्या हक्काचा भंग आहे. पुढे कायद्यात दुरुस्त्या झाल्या, आणि कामगार, मालक व सरकार अशी तिघांची वर्गणी आली. माझे जून-डिसेंबरचे पंचवीस आणि माझ्या कंपनीचे पंच्याहत्तर, ते या वर्गणीतले.

थोडं थांबून बघा. आजीच्या केंद्रात मशिनच्या सुया यायच्या, त्यामागे कोणाचा तरी दंड होता. कोणीतरी साच्यावर दहा मिनिटं उशिरा पोहोचला होता. आपण "सरकारनं दिलं" म्हणतो, ते बऱ्याचदा असं आपलंच आपल्याला परत आलेलं असतं.

आजीचं केंद्र

आबा, म्हणजे माझे आजोबा, डिलाईल रोडच्या बीडीडीत राहायचे. आजी लग्न करून तिथं आली तेव्हा खोलीत दीर, चुलतदीर धरून नऊ माणसं. दुपारी रात्रपाळीची माणसं झोपलेली असायची, त्यामुळे बोलायचंसुद्धा हळू. तिला कोणीतरी सांगितलं की केंद्रात बायकांचा शिवणवर्ग आहे. सासूबाईंना विचारायला तिला दोन महिने लागले.

मी तिला विचारलं, केंद्रात काय विशेष होतं? मला वाटलं, मशिन म्हणेल, मैत्रिणी म्हणेल. ती म्हणाली, "वेळेवर उघडायचं."

मी म्हटलं, एवढंच?

"एवढंच कसं? अडीच म्हणजे अडीच. बाई यायच्या, कुलूप काढायच्या, वहीत नावं लिहायच्या. पाऊस असो, काही असो. घरातून निघाले आणि दार बंद, असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी कोण सोडणार होतं मला?"

हे वाक्य मी कितीतरी दिवस घोळवत होतो. दार नक्की उघडं असेल या खात्रीवर एका बाईचं घराबाहेर पडणं अवलंबून होतं. आणि दार वेळेवर उघडत होतं कारण उघडणाऱ्या बाईंना पगार होता. त्या कोणावर उपकार करत नव्हत्या. त्या नोकरी करत होत्या.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांचा. अडीच लाख कामगार. आबांचा पगार बंद झाला तो झालाच. तोवर हे लोक हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत राहायला आले होते. घर चाललं ते आजीच्या ब्लाउजांवर. बाबांची दहावी त्या मशिनवर झाली.

आता सगळं गोड नव्हतं, हेही सांगतो. मंडळावर मालकांचे प्रतिनिधी, कामगारांचे प्रतिनिधी, काही स्वतंत्र सदस्य असतात, पण ते सरकार नेमतं. केंद्रात रोज येणाऱ्या माणसाला तिथं काय व्हावं यात मत नाही. आजीनं आणि इतर बायकांनी एकदा म्हणे संध्याकाळचा वर्ग मागितला होता, कारण दिवसा कामाला जाणाऱ्या बायकांना येता येत नव्हतं. बाई म्हणाल्या, वरून आलं पाहिजे. वरून आलं नाही. त्यात आणखी एक गुंता. बीडीडीच्या चाळींची देखभाल सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, केंद्र कामगार खात्याच्या मंडळाकडे. छत गळलं तर कोणाला सांगायचं?

म्हणजे पैसा नियमित, दार वेळेवर, पण आवाज नाही.

तेव्हा लंडनमध्ये

उलटं केलं तर? लोकांनीच हॉल चालवला तर? याचं एक छान उदाहरण आहे आणि त्यासाठी जरा लंडनला जावं लागेल. बीडीडीनंतर थोड्याच वर्षांत लंडनच्या महापालिकेनं, म्हणजे लंडन काउंटी कौन्सिलनं, शहराच्या वायव्येला एजवेअरजवळ वॉटलिंग नावाची वसाहत बांधली. चार हजारांवर घरं. माणसं आतल्या गजबजलेल्या भागांतून आणलेली, बहुतेक कामगार. घरं चांगली, बाग वगैरे, पण भेटायला जागा नाही. आजूबाजूच्या मध्यमवर्गीयांना ही माणसं नकोशी. त्यांनी वसाहतीला "लिटल मॉस्को" असं नाव ठेवलं.

१९२८ मध्ये रहिवाशांनी स्वतःची संघटना काढली, स्वतःचं मासिक काढलं, हॉलसाठी पैसे जमवत राहिले. १९३३ मध्ये त्यांचं कम्युनिटी सेंटर उभं राहिलं. समिती त्यांची, वर्गणी त्यांची, नियम त्यांचे. स्वप्नच.

रूथ ड्युरंट नावाच्या तरुण संशोधक बाईंनी या वसाहतीचा अभ्यास केला, तो १९३९ मध्ये पुस्तकरूपानं आला. त्यांना काय दिसलं? सुरुवातीला बाहेरच्यांच्या तिरस्कारामुळे लोक एकत्र आले. तो तिरस्कार ओसरला तशी एकीही ओसरली. हॉल झाला, पण सभासद राहिले रहिवाशांतले थोडेच. आणि हॉल सगळ्या वसाहतीचा न राहता वेगवेगळ्या छोट्या गटांची भेटायची जागा झाला. हे नाचवाले, हे बागकामवाले, आपापल्या दिवशी यायचे आणि जायचे.

याच बाई पुढे रूथ ग्लास या नावानं ओळखल्या गेल्या आणि १९६४ मध्ये त्यांनी "जेंट्रिफिकेशन" हा शब्द घडवला. लोअर परळमध्ये गिरणीच्या जागी झालेल्या मॉलमध्ये बसून आपण साडेतीनशेची कॉफी पितो, त्या सगळ्याला जो शब्द लावतात तो. एकाच बाईंनी आधी कामगारांच्या हॉलचा अभ्यास केला आणि नंतर कामगार हटवले जाण्याला नाव दिलं.

तर वॉटलिंगमध्ये आवाज होता, पण रोजचं काम ओढायला माणसं कमी पडत गेली.

आमचा हॉल

आता माझ्या वसाहतीत या. नाव सांगत नाही, पूर्व उपनगरातली एक समजा. स्वातंत्र्यानंतर हाउसिंग बोर्ड आलं, १९७७ मध्ये त्यातून म्हाडा झालं. टिळक नगर, नेहरू नगर, पंत नगर, कन्नमवार नगर, अभ्युदय नगर, अशा वसाहती तुमच्यापैकी अनेकांना माहीत असतील. पुढे बऱ्याच इमारतींच्या सोसायट्या झाल्या. जिना सोसायटीचा, टाकी सोसायटीची. पण इमारतींच्या मधली जागा आणि त्यातला हॉल, तो कोणाचा, हे आमच्याकडे कोणालाच नीट सांगता यायचं नाही.

असे हॉल बरेचदा लोकप्रतिनिधींच्या निधीतून होतात. खासदार निधी योजना डिसेंबर १९९३ मध्ये सुरू झाली, त्यात समाजमंदिरं बसतात. पण या निधीतून बांधकाम करता येतं, रोजचा खर्च करता येत नाही. देखभाल कोणीतरी वापरणाऱ्या संस्थेनं करायची. कागदावर हे शहाणपणाचं आहे. प्रत्यक्षात काय होतं? पाटी लागते, नारळ फुटतो, फोटो होतात. दुसऱ्या दिवशी प्रश्न येतो : लाईट बिल कोण भरणार?

जो भरतो, हॉल त्याचा होतो. मला या सगळ्या इतिहासातून सापडलेला नियम हा एवढाच. बांधायला पैसे एकदा लागतात, उघडायला रोज लागतात. आणि रोज उघडणाऱ्याला कोणी काही देत नसेल, तर तो स्वतः काहीतरी घेतो. कधी पैसे, कधी मान, कधी मतं.

आमच्याकडे चावी मंडळाच्या अध्यक्षांकडे होती. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे, म्हणून आधी हे सांगतो. २६ जुलै २००५ ला मी आठ वर्षांचा होतो. तळमजले पाण्यात गेले. रात्री अध्यक्षांनी हॉल उघडला, हॉल उंचावर होता. तीन दिवस तिथं खिचडी शिजली. आम्ही सगळे सतरंज्यांवर झोपलो. कोणी कोणाला जात-इमारत-मजला विचारला नाही. वर्षानुवर्षं लाईट बिल या माणसानं भरलं, पंखे दुरुस्त केले, गणपतीत रात्र रात्र जागला.

आणि याच माणसानं आबा गेले तेव्हा बाबांना तेराव्यासाठी हॉल दिला नाही. म्हणाले, "दुसरं बुकिंग आहे." बुकिंगची वही नव्हतीच, त्यामुळे ते खरं की खोटं कळायला मार्ग नव्हता. त्याआधी सोसायटीच्या सभेत बाबांनी हॉलच्या भाड्याची पावती का मिळत नाही असं विचारलं होतं, एवढं मला माहीत आहे. तेरावं आम्ही गच्चीवर मांडव घालून केलं. आजी जिना चढू शकत नव्हती. दोघांनी खुर्चीत बसवून तिला वर नेली. चढताना ती एकच म्हणाली, "केंद्रात वही असायची रे."

माझ्या डोक्यात तेव्हा राग होता. आता वाटतं, त्या दिवशी चुकलं ते एका माणसाच्या स्वभावामुळे नाही फक्त. वीस वर्षं एका माणसावर सगळं सोडून दिलं, त्याला ना पगार, ना नियम, ना हिशोब मागणारं कोणी. मग तो मालक होणारच. आपणच करतो त्याला मालक.

पुनर्विकास आणि एक गुगल फॉर्म

हे सगळं आज का बोलतोय? कारण वसाहती पाडल्या जातायत. वरळी बीडीडीतल्या नव्या टॉवरमधल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ ला चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. शंभर वर्षांनी. मला मनापासून आनंद झाला. पण मी म्हटलं तसं, हॉल म्हणजे घरात नसलेली खोली. घर मोठं झालं म्हणून ती खोली नको झाली का? चाळीत गॅलरी होती, जिना होता, नळ होता. टॉवरमध्ये लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये सगळे मोबाईल बघतात. मीही बघतो. आता तर हॉल आधीपेक्षा जास्त लागणार आहे.

आमचाही पुनर्विकास ठरतोय. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये "मल्टिपर्पज हॉल" असं छापलंय, सोबत परदेशी दिसणाऱ्या माणसांचा योगा करतानाचा फोटो. तळमजल्यावरचे काका मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना, हॉल बुकिंगचं ॲप करून दे." मी म्हटलं, ॲप कशाला, गुगल फॉर्म आणि एक शीट पुरेल. नव्या हॉलला वेळ आहे, तोवर जुन्या हॉलवर करून बघू. अध्यक्षही आता थकलेत, त्यांनी फारशी खळखळ न करता चावी सोसायटीच्या ऑफिसमध्ये ठेवली.

पहिल्याच महिन्यात गोंधळ. एका मुलीच्या हळदीचं बुकिंग आणि अभ्यासिकेतल्या पोरांची परीक्षा एकाच आठवड्यात. शीटमध्ये दोन्ही नोंदी हिरव्या. कोणाला आधी द्यायचं, हे माझ्या शीटला कसं कळणार? मला वाटलं होतं सिस्टीम बसवली की भांडण संपेल. सिस्टीमनं एवढंच केलं की भांडण सगळ्यांना दिसलं. शेवटी सात-आठ जण बसले, दीड तास आवाज चढले, आणि ठरलं : हळद संध्याकाळी, अभ्यासिका सकाळी, स्पीकर दहाला बंद. मग हे वहीत लिहिलं. खऱ्या वहीत, कारण अर्ध्या लोकांना शीट उघडता येत नाही. आजीला त्याच दिवशी वहीचा फोटो दाखवला. चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "खाली सही नाही कोणाची." दुसऱ्या दिवशी सह्या घेतल्या.

पुढच्या महिन्यात सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा आहे. करारात हॉलबद्दल एक ओळ आहे, "हॉल सोसायटीच्या ताब्यात दिला जाईल." मी तीन मुद्दे टाका म्हणून लेखी पत्र दिलंय. एक, देखभालीच्या मासिक वर्गणीतला ठरावीक हिस्सा हॉलच्या वेगळ्या खात्यात जाईल, आणि त्यातून हॉल उघडणाऱ्या माणसाला पगार मिळेल. दोन, हॉलची समिती दर दोन वर्षांनी बदलेल आणि तिच्यात भाडेकरू व बायकाही असतील. तीन, बुकिंगची वही आणि हिशोब दाराबाहेरच्या फळ्यावर लागेल. केंद्राकडून नियमित पैसा आणि वेळेवर दार, वॉटलिंगकडून लोकांचा आवाज, आणि आमच्याच फजितीतून वही. मी नवीन काही शोधलेलं नाही.

मंजूर होईल का? माहीत नाही. पार्किंगवर चार तास भांडण होईल आणि हॉलच्या ओळीला दहा मिनिटं मिळतील, हे मला दिसतंय. पण त्या दहा मिनिटांत मी उभा राहणार आहे, आणि आजीला लिफ्टनं का होईना, सभेला घेऊन जाणार आहे.

तुम्हाला एवढंच सांगणं. तुमच्या वसाहतीत, सोसायटीत हॉल असेल तर या आठवड्यात तीन प्रश्न विचारून बघा. लाईट बिल कोण भरतं? चावी कोणाकडे असते? वही आहे का? आणि डिसेंबरची स्लिप आली की ते पंचवीस रुपये शोधा. जवळचं कामगार कल्याण केंद्र कुठं आहे ते बघा, एकदा जाऊन या. पैसे आपले आहेत. वेळेवर उघडतं का, तेवढं बघून मला कळवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.